कुलूप पुढच्या दाराला, चोर मागच्या पत्र्यातून!

२०२३ सालच्या अशोक विजयादशमीची गोष्ट आहे. घरची आम्ही पाचही माणसे दीक्षाभूमीवर जाण्यासाठी किनवटहून एसटीने नागपूरला निघालो. निघताना मी पुढच्या दाराला नवे कोरे कुलूप लावले, दोनदा ओढून पाहिले, किल्ली खिशात टाकली आणि निर्धास्त मनाने गाडीत बसलो. तिसऱ्या दिवशी परत आलो, तेव्हा कुलूप जसेच्या तसे होते. दार उघडून आत पाऊल टाकले, तर एरवी अंधारात असणाऱ्या स्वयंपाकघरात लख्ख ऊन पडलेले! मागच्या बाजूचा एक पत्रा वर उचललेला होता. पत्रा उडू नये म्हणून वर ठेवलेले दगड चोरांनी एकेक करून खाली उतरवले होते आणि आवाज होऊ नये म्हणून भिंतीशी नीट रचून ठेवले होते.

साडेतीन हजार रुपये गेले, पत्नीचे पैंजण गेले, दोन पितळी हंडे गेले. हे सारे मेहनत करून पुन्हा घेता आले असते. पण स्वयंपाकघराच्या फळीवरची कागदपत्रांची पेटीही गेली. तिच्यात मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला होता, रेशन कार्ड होते आणि माझ्या आजोबांच्या शाळेचा जुना, उर्दूत लिहिलेला उतारा होता. मुलीचे जात वैधता प्रमाणपत्र त्याच उताऱ्याच्या आधारावर मिळायचे होते. पत्नी मटकन खाली बसली. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांनी उघड्या पत्र्याकडे पाहिले, मग माझ्या हातातल्या किल्लीकडे पाहिले आणि म्हणाले, "कुलूप दाराला लावलास. पर चोर दारातूनच येतंय, आसं तुला कोन सांगितलं?"

त्या एका वाक्याने माझी झोप उडवली. वाचक बंधू-भगिनींनो, हा लेख त्या वाक्यातूनच निघाला आहे.

न जुळणारा ताळेबंद

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पोटासाठी लिपिक. जमाखर्च मांडल्याशिवाय माझ्या डोक्यात प्रकाश पडत नाही. त्या रात्री मुलाच्या वहीचे एक पान घेतले. त्यावर आपल्या घराचा साधा नकाशा काढला. ओसरी, मधली खोली, स्वयंपाकघर, न्हाणी, मागचे मोकळे. मग खाली दोन रकाने आखले. डावीकडे लिहिले, 'आत येण्याच्या वाटा'. उजवीकडे लिहिले, 'बाहेर पडण्याच्या वाटा'.

डावा रकाना भराभर भरला. एक, पुढचे दार. दोन, मागचा सैल पत्रा. तीन, गज नसलेली स्वयंपाकघराची खिडकी. चार, न्हाणीच्या वरची उघडी जागा. पाच, मागच्या भिंतीला टेकवून रचलेला तुराट्यांचा ढीग, ज्यावर पाय ठेवला की कुणीही छपरावर पोचेल. उजव्या रकान्यात मात्र एकच नोंद झाली, पुढचे दार. आणि त्या दारासमोर मी रोज रात्री चोरीच्या भीतीने मोटारसायकल आत घेऊन आडवी लावतो!

म्हणजे चोराला आत यायला पाच वाटा आणि आमच्या पाच माणसांना बाहेर पडायला एक, तीही मोटारसायकलने अडवलेली. असा ताळेबंद कचेरीत कुणी दाखवला असता, तर मीच तो परत केला असता.

ते पान मी अण्णांना दाखवले. त्यांनी उजव्या रकान्यावर बोट ठेवले आणि बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मला १९७८ सालची ती रात्र सांगितली. पूर्वी तुकड्या-तुकड्याने ऐकली होती. त्या दिवशी प्रथमच सलग ऐकली.

मऊ भिंतीने वाचवले

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे जाळली गेली, माणसे गावातून पळाली. आपल्या नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना त्यात प्राण गमवावे लागले. पुढे १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, पण त्यासाठी समाजाने काय मोजले, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे.

अण्णा तेव्हा तेवीस वर्षांचे. याच जिल्ह्यातल्या एका खेड्यात आमचे घर होते. वस्ती गावाबाहेर, अकरा घरांची. मध्ये एक बोळ. बोळाचे तोंड गावाकडे. सगळ्या घरांची दारे बोळात उघडणारी. मागे बाभळीच्या काट्यांचे कुंपण आणि त्यापलीकडे नाला. आता ही रचना कुणी आखली, ते सांगायला नको. आपल्या आज्या-पणज्यांनी पिढ्यानपिढ्या गावाची वेस राखली. वेसकराची काठी हातात घेऊन त्यांनी दुसऱ्यांच्या झोपेसाठी रात्री जागवल्या. पण ज्याने गावाच्या वेशीचे दार लावायचे, त्याचे स्वतःचे घर मात्र वेशीच्या बाहेर, उघड्यावर.

त्या रात्री बोळाच्या तोंडाशी मशाली दिसल्या. पुढच्या दाराने बाहेर पडणे म्हणजे जमावाच्या हाती जाणे. आमचे घर कुडाचे होते, तुराट्या विणून वर मातीचा गिलावा दिलेले. अण्णांनी मागच्या कुडाला लाथा घातल्या. तिसऱ्या लाथेला भगदाड पडले. आधी लहान भावंडे, मग आजी, शेवटी अण्णा, असे सगळे त्यातून निघाले, काट्यांतून ओरबाडत नाल्यात उतरले आणि गुडघ्याएवढ्या ज्वारीत पहाटेपर्यंत आडवे पडून राहिले. डोळ्यांसमोर घर जळाले.

आजीने निघताना भांडी घेतली नाहीत, धान्य घेतले नाही. कोनाड्यातली एक कापडी पिशवी तेवढी ओढून कमरेला खोचली. तिच्यात आजोबांच्या शाळेचा तो उर्दू उतारा होता. आजीला अक्षर ओळखत नव्हते. पण आपल्या माणसाने शाळेत पाऊल ठेवल्याचा तो पुरावा आहे, एवढे तिला ठाऊक होते.

अण्णा म्हणाले, "भिंत मऊ होती म्हनून आमी वाचलो. आता तुझी भिंत पक्की हाय. लाथ मारून बघ बरं फुटती का."

भक्कम घरही दगा देते

कुणी म्हणेल, मग घर मजबूत बांधूच नये की काय? तसे नाही. पण मजबुतीचा दुसरा चेहराही आपल्या मराठवाड्याने पाहिला आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. तिथली घरे आठवा. दोन-तीन फूट जाडीच्या, दगड-मातीच्या भिंती. वर लाकडी तुळयांवर मातीचे जड माळवद, ज्यावर वर्षानुवर्षे थर चढत गेलेले. रस्त्याच्या बाजूला एकच दार, त्याला आतून आगळ, आणि खिडक्या नावापुरत्या. उन्हापासून आणि चोर-दरोडेखोरांपासून राखण करणारी ती रचना होती. बाहेरून कुणी आत शिरू शकत नव्हते, हे खरे. पण जमीन हलली तेव्हा आतून कुणाला बाहेर पडता आले नाही. साखरझोपेत असलेली कुटुंबेच्या कुटुंबे दगडमातीखाली गाडली गेली. हलक्या छपराची, कुडाची गरिबांची घरे त्या मानाने टिकली.

कुडाच्या भिंतीने १९७८ साली आमच्या घरच्यांना वाट दिली. दगडाच्या भिंतीने १९९३ साली शेजारच्या जिल्ह्यात वाट अडवली. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या, तर घराच्या रक्षणाचे तीन प्रश्न आपोआप हाती येतात. आत कोण आणि कुठून येऊ शकतो? आपण बाहेर कुठून पडणार? आणि आपली हाक कुणाला ऐकू जाणार? आपण बहुतेक जण पहिल्याच प्रश्नापाशी थांबतो, कुलूप विकत आणतो आणि झोपतो.

आपल्या घरात एक फेरी

आता तुम्हीही घरातून एक फेरी मारा. सुरुवात बाहेरून करा, कारण चोर बाहेरून पाहतो.

सरपण, पऱ्हाट्या, तुराट्या, जुने टायर, रिकामे पिंप भिंतीला टेकवून ठेवू नका. तो चोराला जिना होतो आणि आग लागली तर घर पेटवतो. सरपणाचा ढीग घरापासून चार-सहा पावले दूर रचा. शिडी असेल तर रात्री आत घ्या. मागच्या बाजूला एक दिवा असू द्या. त्याचे बटन झोपण्याच्या जागेजवळ हवे. वीज जाते म्हणून उशाशी बॅटरीही हवी.

छपराचे पत्रे नुसत्या दगडांवर सोडू नका. लोखंडी हूक लावून नट आतल्या बाजूने आवळा. वादळात पत्रा उडणार नाही, दगड अंगावर पडणार नाही आणि बाहेरून पत्रा सहज उचलता येणार नाही. मी हे काम चोरीनंतर केले. तेच काम आधी केले असते, तर हा लेख लिहावा लागला नसता.

पुढच्या दाराची फळी जाड असून भागत नाही. चौकट भिंतीत पक्की बसलेली आहे का आणि कोयंड्याचे स्क्रू आखूड तर नाहीत ना, ते पाहा. बहुतेक वेळा दार फुटत नाही, कोयंडा उपटून येतो. आतून एक साखळी लावा. भरदुपारी 'भांडी-दागिने चकचकीत करून देतो', 'गॅसची तपासणी करायची आहे' म्हणत येणाऱ्याशी घरच्या बाईने साखळी न काढताच बोलावे. त्यात अपमान कुणाचाही नाही.

आता दुसरा प्रश्न, बाहेर पडण्याचा. रात्री दाराला आतून कुलूप घालून किल्ली उशाखाली ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. आग लागली, धूर भरला, तर ती किल्ली सापडत नाही. आतून कडी आणि अडसर लावा. कुलूप लावायचेच असेल, तर किल्ली एकाच ठरलेल्या खिळ्यावर लटकवा. तो खिळा खिडकीतून हात घालून पोचेल अशा जागी नको. घरातल्या आठ वर्षांच्या मुलाला आणि सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला ती कडी काढता येते का, हे एकदा करून पाहा. आमच्या अण्णांना वरची कडी निघत नव्हती. हे मला अठ्ठावीस वर्षे त्या घरात राहून कळले नव्हते.

खिडकीला गज जरूर लावा. पण घरातल्या निदान एका खिडकीचे गज बिजागरीवर उघडणारे करून घ्या, आतून कडी असलेले. सगळ्या खिडक्या कायमच्या जखडल्या, तर घराचा पिंजरा होतो. मोटारसायकल रात्री घरात घ्यावी लागत असेल, तर दाराच्या वाटेत लावू नका. तिच्या टाकीत पेट्रोल असते. गॅसची टाकीही दाराजवळ नको. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटन चालू किंवा बंद काहीच करू नका. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडा आणि माणसे बाहेर काढा.

ज्यांना रमाई आवास किंवा पंतप्रधान आवास योजनेतून घरकुल मंजूर झाले आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. जागा लहान असते, सुमारे २६९ चौरस फुटांचा हिशेब. त्यामुळे मागच्या दाराला आपण काट मारतो. दार म्हणजे खर्च, असे वाटते. पण पायाची आखणी होतानाच गवंड्याला सांगा की मागच्या किंवा बाजूच्या भिंतीत दुसरे लहान दार हवेच. भिंत उभी राहिल्यावर ती फोडणे कितीतरी महाग पडते.

कागद हीच आपली इस्टेट

आपल्या घरात सोने थोडे. आपली खरी इस्टेट कागदात आहे. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. किनवट तर आदिलाबाद जिल्ह्यात होते आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नांदेड जिल्ह्यात आले. त्यामुळे आपल्या भागातले जुने कागद उर्दूत आहेत, पिवळे पडलेले आहेत आणि एकदा गेले की पुन्हा मिळवताना पिढीचे कंबरडे मोडते.

म्हणून कागद एकाच पेटीत, एकाच घरात ठेवू नका. जन्माचा आणि शाळेचा दाखला, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, ग्रामपंचायतीचा नमुना आठ, सातबारा, पासबुक, सगळ्यांच्या साक्षांकित प्रती काढा. एक संच दुसऱ्या गावी राहणाऱ्या बहिणीकडे किंवा मेहुण्याकडे ठेवा. मोबाईलमध्ये फोटो काढून मुलांकडे पाठवा. जे दाखले डिजिलॉकरमध्ये मिळतात, ते तिथे घ्या. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, एका हाताने उचलता येतील असे, बाहेर पडण्याच्या वाटेवर ठेवा, मात्र बाहेरून दिसणार नाहीत असे. घरातल्या भांड्यांचे, टीव्हीचे, शिलाई मशीनचेही फोटो काढून ठेवा. उद्या पंचनाम्याची वेळ आली तर काय गेले, ते दाखवता येईल.

एका घराचे रक्षण एका घराला होत नाही

तिसरा प्रश्न हाकेचा. त्याचे उत्तर घराच्या चार भिंतींत नाही, गल्लीत आहे.

आमच्या गल्लीत अशोक विजयादशमीला निम्मी घरे बंद असतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीसाठी लोक मुंबईची गाडी धरतात, तेव्हाही तेच. कुणी ऊसतोडीला जाते, कुणी सीमेपलीकडे तेलंगणात कापूस वेचायला जाते. हे जसे आपल्याला माहीत, तसे चोरालाही माहीत असते. चोरीनंतर आम्ही एका रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास बसलो. कोण कधी गावाला जाणार, मागे कोण राहणार, याची यादी केली. मागे राहणाऱ्याने रोज एकदा घरामागून फेरी मारायची, संध्याकाळी दिवा लावायचा, असे ठरवले. प्रवासाचे फोटो परत आल्यावरच मोबाईलवर टाकायचे, हेही ठरले.

खुणा ठरवल्या. थाळी वाजली तर चोर, शिट्टी वाजली तर आग. रात्री संकट आलेच, तर कुणी काय करायचे, हे प्रत्येक घराने आपल्यापुरते वाटून घेतले. आमच्या घरात मी दाराकडे जातो, पत्नी मुलांना घेऊन मागच्या खोलीत जाते, मुलगी ११२ ला फोन लावते, अण्णा थाळी वाजवतात. महिन्यातून एकदा दिवे मालवून आम्ही ही उजळणी करतो. पहिल्यांदा मुले हसली. दुसऱ्यांदा हसली नाहीत.

चोर घरात दिसला, तर त्याला कोंडू नका. पळायची वाट मिळाली की तो पळतो. वाट अडली की तो वार करतो. हंडा पुन्हा घेता येतो, माणूस घेता येत नाही.

आणि जमाव आला तर? स्पष्ट सांगतो, जमावापुढे कुठलीही कडी टिकत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. ज्या गावात आपली घरे बोटावर मोजण्याइतकी आहेत, तिथे ताण दिसू लागला की धोका पोचण्याआधीच लेकरे, बायका आणि म्हातारी माणसे सुरक्षित ठिकाणी हलवा आणि पोलिसांना लेखी कळवा. वेळेवर बाहेर पडणे म्हणजे भ्याडपणा नाही. जिवंत माणूसच साक्ष देऊ शकतो.

कायदा काय म्हणतो?

आपल्या शरीराचे, दुसऱ्याच्या शरीराचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकाला दिला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये तो आहे. सूर्यास्तानंतर घरफोडी, दरोडा, राहते घर पेटवणे अशा प्रसंगी हा हक्क फार मोठा होतो. पण त्याला मर्यादाही आहे. बचावासाठी जेवढे गरजेचे, तेवढेच. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल, तर हा हक्क सांगता येत नाही. चोर पळाल्यावर त्याला गाठून मारणे किंवा बांधून बडवणे हा बचाव नाही, गुन्हा आहे. दाराच्या कडीत किंवा तारेच्या कुंपणात वीज सोडणे तर सरळ सरळ जीव घेणे आहे. उद्या त्या कडीला आपलेच पोर हात लावील.

हल्ला जातीच्या कारणाने झाला असेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तो ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी बौद्धांचा अनुसूचित जातींच्या यादीत समावेश झाला. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचे राहते घर आगीने नष्ट करणाऱ्याला त्यात जन्मठेपेची शिक्षा आहे. घर किंवा गाव सोडायला भाग पाडणे हाही गुन्हा आहे. १९९५ च्या नियमांप्रमाणे जळालेल्या किंवा उद्ध्वस्त केलेल्या घराऐवजी विटांचे वा दगडांचे पक्के घर सरकारी खर्चाने देण्याची तरतूद आहे आणि तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. तक्रारीची प्रत विनामूल्य मागून घ्या. या कायद्यासंबंधी मदतीसाठी १४५६६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. मात्र साधी चोरी ही साधी चोरीच असते, तिला दुसरे नाव देऊ नका. माझ्या घरची चोरी साधीच होती.

आपण जमाव होता कामा नये

शेवटी एक कडू गोष्ट. घर राखण्याच्या नावाखाली गावोगाव गस्ती सुरू होतात आणि अफवा त्यांच्या पुढे धावतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. पोट भरायला आलेली ती गरीब, भटकी माणसे होती. जमाव काय असतो, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक? म्हणून आपल्या गल्लीत अनोळखी माणूस दिसला, तर विचारपूस करा, शंका वाटली तर ११२ ला कळवा, पण हात उचलू नका.

७ जुलै २०२० रोजी मुंबईत दादरच्या राजगृहावर हल्ला झाला. बाबासाहेबांच्या त्या घराच्या आवारातल्या कुंड्या, खिडकीच्या काचा, कॅमेरा यांची नासधूस झाली. देशभर संताप उसळला. पण बाबासाहेबांच्या कुटुंबीयांनी लोकांना शांत राहण्याचे आवाहन केले आणि लोक शांत राहिले. आपल्या सर्वांच्या घराच्या बाबतीत समाजाने जो संयम दाखवला, तो आपल्या एकेकट्या घराच्या दारात का दाखवता येऊ नये?

आता माझ्या घराची बाकी गोष्ट सांगून थांबतो. चोरीनंतर चौथ्या दिवशी पैनगंगेकडे जाणाऱ्या एका नाल्यात गुराख्याला आमची पेटी सापडली. पैसे नाहीत म्हणून चोरांनी ती फेकून दिली होती. कागद भिजून लगदा झाले होते. उर्दू उताऱ्याचा एक कोपरा विरघळला होता, पण आजोबांचे नाव आणि साल शाबूत होते. अण्णांनी तो कागद धोतराच्या घडीत ठेवून दोन दिवस सावलीत वाळवला. त्याच कागदावर पुढे मुलीचे वैधता प्रमाणपत्र झाले. जळत्या घरातून जो कागद एका निरक्षर बाईने वाचवला, तो तिच्या पदवीधर नातवाच्या बेफिकिरीने जाता जाता राहिला.

माझ्या घराला आता मागचे दार आहे. अण्णांना काढता येईल अशा उंचीवर त्याची कडी आहे. ताळेबंद पूर्ण जुळला, असे म्हणत नाही, पण उजव्या रकान्यात आता तीन नोंदी आहेत.

या रविवारी घरच्या सगळ्यांना एकत्र बसवा. वहीचे एक पान घ्या, घराचा नकाशा काढा आणि दोन रकाने आखा. मुलांना आखू द्या, म्हाताऱ्यांना बोलू द्या. त्यांना जे आठवते, ते कुठल्याही कुलपाच्या दुकानात मिळत नाही.

जयभीम!